जात चोरून वाचलेली पुस्तकं

जयंतीच्या वर्गणीतून यंदा साडेसहा हजार रुपये उरले. उरले म्हणजे आम्ही भांडून उरवले. डीजेवाल्याला ऐनवेळी नाही म्हणालो, त्याचे. मग विहारात कमिटीची मीटिंग बसली आणि ठरलं, की या पैशांची पुस्तकं घ्यायची, मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची आणि वस्तीतल्या बारा ते सोळा वयाच्या पोरापोरींना वाचायला द्यायची. इथपर्यंत सगळे एकमतानं. पुढं पेटलं.

मी म्हणालो, निम्म्या पैशांच्या कादंबऱ्या घेऊ. सेक्रेटरी ताडकन म्हणाला, "गोष्टी वाचून कुनाचं भलं झालंय भो? चरित्रं आना. बाबासाहेबांचं, फुल्यांचं, शाहू महाराजांचं. पोरांना घडवायचंय का झोपवायचंय?" मी म्हणालो, चरित्रं कपाटात अकरा आहेत आणि वर्षभरात त्यातलं एकही रजिस्टरवर चढलेलं नाही. त्यावर तो म्हणाला, "मंग तुमीच वाचून सांगा, कोनती कादंबरी आपल्या पोरांच्या लायकीची हाये ते."

हे वाक्य मात्र मला आवडलं. आजवर लायकी आमची काढली जायची. पुस्तकाची लायकी आम्ही काढायची, ही पहिलीच वेळ.

म्हणून या पावसाळ्यात मी पोरासोरांच्या कादंबऱ्या वाचल्या. वय माझं छप्पन्न. सातपूरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून रात्री घरी यायचं, भाकर खायची आणि दिवा लावून बसायचं. बायको म्हणाली, उतारवयात बालवाडीत नाव घातलं का. काही पुस्तकं रद्दीतून उचलली, काही सार्वजनिक वाचनालयातून आणली. आपल्या नाशकाचं हे वाचनालय १८४० सालचं. जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्याच्या आठ वर्षं आधीचं. त्याच्या पायऱ्या चढताना मी अजूनही शर्ट नीट करतो, का ते विचारू नका.

पुढं लिहितोय ती माझी मतं आहेत, समीक्षा नव्हे. समीक्षकाला पुस्तक फुकट मिळतं. मला त्यासाठी झोप द्यावी लागली.

सुरुवात फास्टर फेणेपासून केली, कारण त्याचं माझं जुनं खातं आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर वाऱ्यासारखा पळणारा आणि 'ट्टॉक' करणारा. चाळीसेक वर्षांनी पुन्हा वाचला. खरं सांगतो, अजून मजा आली. 'चक्रीवादळात फास्टर फेणे' मी रात्री दोनपर्यंत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर डुलक्या काढल्या. भागवतांचं वाक्य पळतं. ते उपदेश करायला मध्येच थांबत नाही, आणि पोरांना उपदेशाचा वास लांबूनच येतो. कुणी म्हणेल, पांढरपेशा पोराच्या पांढरपेशा गोष्टी. असतील. पण मजा आली आणि ती आली नाही असं चळवळीच्या तोंडाकडं बघून म्हणायचं, हा खोटेपणा मला जमणार नाही.

आता दुसरं कबूल करायचं ते. सातवीत असताना फेणेचं एक पुस्तक मला अर्ध्या किमतीत मिळालं. पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव, निळ्या शाईत, वळणदार. आडनाव असं, की ते ऐकल्यावर लोक आधी पाणी विचारतात आणि मग काम. मी ते खोडलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडं सिन्नरला निघालो होतो. सीबीएसवरून एसटीत बसलो आणि पुस्तक उघडलं. शेजारी एक आजीबाई. त्यांनी पानावरचं नाव वाचलं आणि विचारलं, अमक्यांचा का रे तू? मी मान हलवली. होकाराची. मग त्यांनी डब्यातून बेसनाचा लाडू काढून हातावर ठेवला आणि सिन्नर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो लाडू मी खाल्ला. चवीनं खाल्ला.

स्टँडवर आत्या न्यायला आलेली. तिनं लांबून आरोळी ठोकली, "आरं भीमा, हिकडं!" मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि खाली मान घालून भलत्याच बाजूला चालायला लागलो. एसटीच्या खिडकीतून आजीबाई बघत होत्या ना. आत्या मागं पळत आली. तिला वाटलं, पोराला उन्हानं ऐकू येईनासं झालं. डोक्याला पदर लावून तिनं मला घरी नेलं.

बाबुराव बागूल आपल्या विहितगावचे. त्यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं. मी ते कॉलेजात वाचलं तेव्हा आधी सिन्नरची एसटी आठवली. बाबुरावांच्या गोष्टीतल्या माणसाला राहायला खोली पाहिजे असते, म्हणून तो जात लपवतो. मला खोली नको होती. मला फक्त गोष्टीत जागा पाहिजे होती. फेणे वाचताना तासभर मी बने व्हायचो, पण बने व्हायला आधी मला मी असणं बंद करावं लागायचं. जो पोरगा मुळातच त्या घरातला आहे तो चपला काढतो आणि आत जातो. आमच्या पोराला दाराशी जात काढून ठेवावी लागते. हे त्याला कुणी सांगत नाही, तो आपसूक शिकतो. हे भागवतांचं पाप आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी त्यांच्या अंगणातला पोरगा लिहिला. आमच्या अंगणातला लिहायचं काम त्यांचं नव्हतंच.

दुसरं पुस्तक आपल्या नाशकातच जन्मलेलं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या जेलात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला हातात घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे संपवलं. पाच दिवसांत. आता हे जुळवून बघा. काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि गुरुजी लिहीत होते तेव्हाही तो मिटलेला नव्हता. आमचा आज्जा त्या सत्याग्रहात होता. एकाच गावात, काही मैलांच्या अंतरावर, एक माणूस कोठडीत बसून आईच्या आठवणीनं रडत लिहीत होता आणि आमची माणसं देवळाच्या बंद दाराकडं बघत होती.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते आणि कुणी उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळी हे एवढंही धाडसाचं होतं हे मला मान्य. पुढं १९४७ साली पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून गुरुजी उपाशी बसले, हे विसरून बोलणाऱ्यांतला मी नाही. तरी एका रविवारी विहारात पोरांना हा भाग वाचून दाखवला आणि सहावीतला एक पोरगा म्हणाला, "काका, त्या आजीनं पन घरी जाऊन आंघोळ केली का?"

सगळी पोरं खदखदून हसली. मीही हसलो. मग माझ्याच्यानं पुढं वाचवेना. चाळीस वर्षांत हे पुस्तक मी तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी डोळे पुसले, पण त्या म्हातारीच्या बाजूनं बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मोळी घेऊन ती पुढं कुठं गेली, तिला पोरं होती का, त्या पोरांतलं कुणी शाळेत होतं का, काही माहीत नाही. ती मोळीपुरती येते आणि जाते. माझं मत असं, की हे पुस्तक कपाटात ठेवावं, पण पोराला एकट्याला देऊ नये. गोल करून बसावं आणि मोठ्यानं वाचावं. प्रश्न पोरंच विचारतात.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ सालची. तशी ती मोठ्यांसाठी लिहिलेली, पण कॉलेजात जाणारी सगळी पोरं वाचतात. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. भाषा अशी, की पोरं आपल्या शेजारी बसून बडबडताहेत. जळावं असं लिहिलंय. नुसतं रस्त्यावरून ती जाताना दिसावी म्हणून तासन् तास थांबणं, हे आम्हीही केलंय, खोटं कशाला बोला. त्यात प्रेमाची किंमत म्हणजे बदनामी, थोडा मार आणि शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते ते दुःख. पुस्तक मिटलं आणि मला खर्डा आठवलं.

२८ एप्रिल २०१४. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा. नितीन आगे, वय सतरा, शाळेत जाणारा पोरगा. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावरून त्याला हालहाल करून मारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते. म्हणजे रस्त्यावर उभं राहून वाट बघणं, ही गोष्ट एका पोराच्या कादंबरीत हुरहूर असते आणि दुसऱ्याच्या आयुष्यात पंचनामा. 'शाळा' वाईट आहे असं नव्हे. पण ती वाचून आमचा पोरगा जर समजला, की प्रेमात पडल्यावर जास्तीत जास्त हेडमास्तरांचा मार बसतो, तर त्याला खरं कोण सांगणार?

ते खरं नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'नं सांगितलं, पण तो सिनेमा, पुस्तक नव्हे. खर्ड्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये तो थेटरात लागला. जब्या, शालू, ती काळी चिमणी. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, गाडगेबाबा रंगवलेले आणि त्यांच्यासमोरून बांबूला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून चाललंय. आमच्या पोरांनी तो मोबाईलवर कितीतरी वेळा बघितलाय. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तेव्हा ते शिट्ट्या मारतात. तेरा वर्षांच्या पोराच्या मनातलं, त्याच्याच उंचीवरून. तशी कादंबरी मला पाहिजे होती.

'तोत्तोचान' ही जपानची, तेत्सुको कुरोयानागी बाईंची. मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावींनी आणली. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि पोरांचं सगळं ऐकून घेणारे हेडमास्तर. वाचताना वाटतं, अशी शाळा असती तर मी पळून गेलो नसतो. पण मला धरून ठेवलं ते एका लहानशा प्रकरणानं. मासाओ नावाचा कोरियन पोरगा तोत्तोचानला बघून रागानं ओरडतो, "कोरियन!" ती तर जपानी. ती घरी येऊन आईला सांगते. आईच्या डोळ्यांत पाणी येतं. तिच्या ध्यानात येतं, की त्या पोराला सगळे हेच म्हणून हिणवत असणार, म्हणून त्याला ती शिवीच वाटते. दोन पानं असतील नसतील. ती वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली. लहानपणी आम्हीसुद्धा आपसात भांडताना एकमेकांना कोणत्या शिव्या द्यायचो ते आठवलं. त्या आम्ही कुणाकडून शिकलो होतो?

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', १९८१ चं, कादंबरीसारखंच वाचलं जातं म्हणून यात घेतो. शाळेच्या बक्षीस समारंभात दरवर्षी हेच वाटतात. चांगलं आहे. पण वाटणाऱ्यांना ते का आवडतं याचा मला संशय आहे. गुलाम आईच्या पोटचा पोर, अपमान गिळून, मान खाली घालून भुईमुगावर संशोधन करतो आणि मोठा होतो. म्हणजे बाळांनो, तुम्हीही गिळा. यात दोष कार्व्हरचा नाही, बाईंचाही नाही. बक्षीस देणाऱ्याच्या हाताचा आहे.

त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट मला एका कॉम्रेडनं दिली. मिल्ड्रेड टेलर या काळ्या लेखिकेची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय', १९७६ ची. इंग्रजीत वाचली, मांडीवर डिक्शनरी घेऊन, दीड महिना लागला. गोष्ट मिसिसिपीमधली, १९३३ सालची. गुरुजी नाशकात लिहीत होते तेच साल. काळ्यांच्या शाळेत पोरांना पुस्तकं वाटतात. सहा वर्षांचा एक टापटिपीचा पोरगा खूश होऊन पुस्तक उघडतो. आत पुठ्ठ्यावर तक्ता. कोणत्या साली दिलं, पुस्तकाची हालत कशी, विद्यार्थ्याचा वंश कोणता. नवं कोरं होतं तेव्हा गोऱ्या पोरांना. वर्षानुवर्षं गोऱ्यांनी वापरून पार चिंध्या झाल्या, मग काळ्यांना. आणि त्या रकान्यात काळ्यांसाठी हिणकस शब्द. ते पोर पुस्तक फेकतं आणि त्यावर थयथय नाचतं. मार खातं. त्याची आई त्याच शाळेत मास्तरीण. ती काय करते, तर कागद कापून खळीनं तो तक्ता झाकून टाकते. एकेका पुस्तकावर.

मला माझं फेणेचं पुस्तक आठवलं. त्यावरही दुसऱ्याचं नाव होतं. त्या पोरानं पाय आपटले. मी त्या नावाखाली लपलो आणि लाडू खाल्ला.

दोस्तहो, काळ्यांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपली पँथर उभी राहिली. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या कविता वाचल्या, त्यांचा राग समजून घेतला. पण त्यांच्यातल्या बाया आपल्या पोरांसाठी कादंबऱ्या लिहीत होत्या, तिकडं आपलं लक्ष गेलं नाही.

आता घरचं. अण्णाभाऊंची 'फकिरा', १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. ती पोरांसाठी लिहिलेली नाही, पण पोरं तिच्यावर तुटून पडली. घोडा आहे, दौड आहे, लूट आहे, इंग्रज आहे आणि मान ताठ आहे. आमच्या कपाटातलं सगळ्यात मळलेलं पुस्तक आता तेच. प्र. ई. सोनकांबळेंचं 'आठवणींचे पक्षी', १९७९ चं, कादंबरी नव्हे, आत्मकथन, पण त्यातला पोरका पोरगा आठवीच्या पोराला कळतो. दया पवारांचं 'बलुतं' मी काढलं आणि परत ठेवलं. सोळाच्या पुढं द्यावं. ते मोठ्या माणसानं मोठ्यांना सांगितलेलं आहे.

माझ्या बहिणीची पोरगी आठवीत आहे. तिनं माझ्याबरोबरीनं वाचलं, माझ्यापेक्षा भरभर. सोनकांबळे संपवून आली आणि म्हणाली, "मामा, आपल्या पुस्तकातली पोरं नुसती उपाशी असतात, नायतर मार खातात. एक पन पोरगी सायकलवर बसून चोराच्या मागं जात नाही."

मी म्हणालो, बाई, तसंच होतं. खोटं कसं लिहायचं?

"ते खरंय. पन मला रोज जेवायला मिळतं. मंग मी कुठल्या पुस्तकात हाये?"

मला उत्तर आलं नाही. तिला जेवायला मिळतं, तिचा बाप रिक्षा चालवतो, तिला डबल स्ट्रॅप दप्तर आहे. आणि वर्गात तिच्या मागच्या बाकावरच्या पोरी तिला 'स्कॉलरशिप' म्हणून हाक मारतात. नावानं नाही. हे तिनं मला असंच, केस विंचरता विंचरता सांगितलं. कुणी हात उचलत नाही, पाणी वरून ओतत नाही. नुसती हाक. हे कोणत्या पुस्तकात आहे? आपण बापाबद्दल लिहिलं, आईबद्दल लिहिलं, गावाबद्दल, भुकेबद्दल लिहिलं आणि ते लिहिलं म्हणून मी आज लिहायला बसू शकतो. पण लिहिताना आपल्यासमोर वाचक कोण होता? एक तर आपला कार्यकर्ता, नाहीतर तो, ज्याला लाज वाटायला पाहिजे होती. तेरा वर्षांची आपलीच पोरगी समोर धरून आपल्यातल्या किती जणांनी लिहिलं? मी तरी नाही लिहिलं. मोर्चाची पत्रकं लिहिली, शंभरेक असतील.

तुमच्यापैकी कुणाला असं पुस्तक माहीत असेल तर कळवा. कुणी लिहिलं असेल आणि छापलं नसेल तर वहीसकट पाठवा. आमच्या कपाटाला पुठ्ठ्याचं कव्हर लागत नाही.

कमिटीपुढं यादी ठेवली. 'फकिरा' दोन प्रती, फेणे चार निरनिराळे, 'तोत्तोचान' दोन, 'श्यामची आई' एक, कार्व्हर एक. टेलर बाईंच्या पुस्तकाचे मराठीत सांगून रविवारी भाग करायचे, हे काम माझ्या गळ्यात. 'शाळा'वर पुन्हा भांडण झालं. बायकांनी ती ठेवायला लावली. पोरींना आधीच माहीत आहे, तुम्ही लपवून काय होणार, असं त्या म्हणाल्या.

भाचीनं दोनशे पानी वही घातली आहे. विहारातली वर्गणीची पेटी चोरीला जाते आणि आठवीतली एक पोरगी सायकलवरून पार गंगाघाटापर्यंत चोराचा माग काढते, अशी गोष्ट. पोरीचं पूर्ण नाव, बापाच्या नावा-आडनावासकट, पहिल्याच ओळीत. तीन प्रकरणं झालीत. शुद्धलेखन मी बघत नाही, बघू नकोस म्हणाली. तिसऱ्या प्रकरणात पहिला संशय सेक्रेटरीवर आहे.

सेक्रेटरीला हे अजून माहीत नाही. तो मागच्या आठवड्यात कपाटातलं 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घेऊन गेला. पोरासाठी म्हणाला. त्याचा पोरगा काल विचारायला आला होता, की ते पुस्तक कुणी नेलंय.